बोट बटणावरच हवं

एका पेडलवर चारही चाकं थांबतात, यावर आपण सगळे बिनघोर गाडी चालवतो. ड्रॅग रेसिंग करणाऱ्याची अडचण नेमकी तिथेच होते. सुटण्याआधी त्याला पुढची दोन चाकं जागच्या जागी खिळवून मागची दोन धूर निघेपर्यंत फिरवायची असतात. ब्रेक दाबावा तर मागची चाकंही अडतात, सोडावा तर गाडी पळते. पूर्वी लोक डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्या पायाने ॲक्सिलरेटर दाबून हे भांडण इंजिनच्या जोरावर मिटवत. इंजिन जिंकायचं, पण मागचे लायनर जळायचे. पाव मैल पळून झाल्यावर ज्या ब्रेकच्या भरवशावर थांबायचं, तेच शर्यतीआधी तापून बसलेले असायचे.

लाइन लॉक हा त्यावरचा उतारा. मास्टर सिलिंडरकडून पुढच्या ब्रेककडे जाणाऱ्या पाइपात विजेवर चालणारा एक व्हॉल्व्ह बसवायचा. एरवी तो उघडा असतो आणि ब्रेक ऑइल त्यातून नेहमीसारखं जातं-येतं. पेडल दाबून धरलेलं असताना बटण दाबलं की व्हॉल्व्ह बंद होतो आणि पुढच्या ब्रेकमधला दाब आतच कोंडला जातो. मग पेडलवरून पाय उचलला तरी पुढची चाकं जाम राहतात, मागची मोकळी होतात. बटण सोडलं की दाब उतरतो. गिअर शिफ्टरसाठी गाजलेल्या हर्स्ट या अमेरिकन कंपनीने हे यंत्र ‘रोल कंट्रोल’ या नावाने विकलं. इतकी दशकं लोटली तरी मूळ रचना तीच आहे. 2015 च्या मस्टँग जीटीमध्ये फोर्डने तेच काम एबीएसच्या व्हॉल्व्हकडून आणि सॉफ्टवेअरकडून करून घेतलं, आणि ही सोय फक्त ट्रॅकवर वापरायची आहे असंही बजावलं.

मला या यंत्रात सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की ते आपणहून काही धरून ठेवत नाही. वीज गेली, वायर तुटली, फ्यूज उडाला, तर व्हॉल्व्ह उघडतो आणि गाडीचे ब्रेक नेहमीसारखे चालतात. ज्याने हे ठरवलं त्याने अर्धी सुरक्षितता तिथेच मिळवली. उरलेली अर्धी वायरिंग करणाऱ्याच्या हाती असते, आणि आपल्याकडचे उत्साही लोक ती तिथेच घालवतात.

वायरिंग तसं सोपं आहे. चावी फिरवल्यावरच वीज येईल अशी 12 व्होल्टची वायर घ्यायची, तिच्यात फ्यूज टाकायचा, तिथून बटण, बटणापासून व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हची दुसरी वायर बॉडीला अर्थ. बटण आणि व्हॉल्व्हच्या मधून एक फाटा काढून डॅशबोर्डवर छोटा दिवा लावायचा, म्हणजे लॉकला वीज मिळते आहे की नाही हे खाली न पाहता कळतं. व्हॉल्व्ह काही अँपिअर खातो. गिअरच्या मुठीत बसणारं नाजूक बटण वापरणार असाल तर मध्ये रिले टाका. बॉनेटखाली वायर सायलेन्सरच्या पाइपापासून लांब न्या. पत्र्यातून आत येते तिथे रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार वर्षभरात इन्सुलेशन कापते.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली हसू आणणारी. ब्रेकच्या दिव्याची वायर पेडलजवळ हाताशी असते म्हणून लोक वीज तिथूनच घेतात. मग पेडल दाबल्यावर सगळं छान चालतं आणि पाय उचलला की वीजच जाते, लॉक सुटतो. ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप केला त्याच क्षणी गाडी पुढे उडी घेते.

दुसरी चूक हसण्यासारखी नाही. बटणाच्या जागी लोक खटका लावतात. एकदा वर केला की वरच राहणारा. कारण विचारलं तर म्हणतात, हात मोकळा राहतो. हात मोकळा राहू नये म्हणूनच तर दाबून धरण्याचं बटण आहे! खटका चुकून चालू राहिला आणि तशात तुम्ही ब्रेक दाबला, तर पुढची चाकं तुमच्या पायाचं ऐकायचं सोडून देतात. शिवाय व्हॉल्व्हची कॉइल बराच वेळ वीज घेत राहण्यासाठी बनवलेली नसते, ती तापते. काही जण तर उतारावर हँडब्रेकच्या ऐवजी हा खटका वापरतात. बॅटरी उतरली की गाडीही उतरेल.

पाइपाचं काम वायरिंगहून नाजूक आहे आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. अमेरिकन किटमधले नट-बोल्ट इंची आट्यांचे असतात आणि पाइपाचं तोंड दुहेरी दुमडलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक जपानी, कोरियन आणि युरोपीय घराण्यांच्या गाड्यांत मिलिमीटरच्या आट्या असतात. ‘थोडं जोर लावून बसतं’ असं म्हणणाऱ्या माणसाला ब्रेकच्या पाइपाला हात लावू देऊ नये. जोडावर टेफ्लॉन टेपही गुंडाळू नये. हे नळकाम नव्हे, इथे धातूवर धातू दाबून बसतो. जोडणी झाली की बटण न दाबता एअर काढायची, मग पुढची बाजू जॅकवर घेऊन तपासायचं. पेडल दाबा, बटण दाबा, पाय उचला, चाक हाताने फिरता कामा नये. बटण सोडा, चाक सहज फिरलं पाहिजे. यातलं दुसरं पहिल्याहून महत्त्वाचं.

आता वापर. ड्रॅगचे स्लिक टायर म्हणजे नक्षी नसलेलं मऊ रबर. ते तापल्यावर आणि त्यावरची धूळ-खडी निघाल्यावरच रस्ता धरतात. म्हणून सुटण्याच्या रेषेमागे पाणी टाकलेलं असतं, ओल्यात चाकं चटकन फिरावीत म्हणून. मागची चाकं ओल्यातून जेमतेम बाहेर आणायची, ब्रेक घट्ट दाबायचा, बटण, दिवा पाहायचा, पाय उचलायचा आणि बहुधा दुसऱ्या गिअरमध्ये चाकं फिरवायची. धूर निघू लागला की आधी बटण सोडायचं, ॲक्सिलरेटर नंतर. गाडी फिरत्या चाकांनिशी पुढे सरकत बाहेर पडली पाहिजे. उलट केलं, म्हणजे गरगरणारी चाकं चिकट जमिनीवर एकदम अडवली, तर तो झटका ॲक्सल आणि गिअरबॉक्सच्या दातांना बसतो.

दुसरा उपयोग सुटण्याच्या रेषेवर. क्लच असलेल्या गाडीत एक पाय क्लचवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर, मग ब्रेकला तिसरा पाय कुठून आणायचा? लॉकवर गाडी धरायची आणि शर्यत सुरू करणाऱ्या दिव्यांचा पिवळा रंग पाहून क्लच आणि बटण एकत्र सोडायचं. माझ्या मते यंत्राचं खरं मोल इथे आहे. पण याचा व्हिडिओ बघण्यासारखा होत नाही, म्हणून चर्चा धुराचीच होते.

साध्या रस्त्याच्या टायरवर तर धुराचा फायदाही फारसा नाही. ते जास्त तापले की निसरडे होतात. त्यांच्या नक्षीत पाणी अडकतं आणि सुटण्याच्या रेषेवर सांडतं, म्हणून असे टायर लावून आलेल्यांनी ओली जागा वळसा घालून टाळायची असते. टायर साफ होण्यापुरती एक छोटी गिरकी पुरे.

या सदराला पत्र लिहिणाऱ्यांत हॅचबॅकवाले पुष्कळ असतात. त्यांना स्पष्ट सांगतो, तुमच्या गाडीला हे नको. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणजे तुम्हाला मागची चाकं धरायची आहेत. त्यासाठी कंपनीने हँडब्रेक दिलेलाच आहे. शिवाय अशा गाड्यांत ब्रेकची वाटणी बहुधा तिरपी असते, एका पाइपावर पुढचं उजवं आणि मागचं डावं, दुसऱ्यावर उलट. पुढच्या जोडीचा असा एकच पाइप सापडतच नाही. त्यात 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, आणि एबीएसच्या डब्यातून पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र पाइप निघतो. चाकांची एक जोडी थांबलेली आणि दुसरी फिरती दिसली की एबीएसचा संगणकही गोंधळतो आणि डॅशबोर्डवर दिवाळी सुरू होते. मोटारसायकलवाल्यांना तर प्रश्नच नाही. उजव्या हाताची दोन बोटं पुढच्या ब्रेकवर आणि बाकीची ॲक्सिलरेटरवर, झाला लाइन लॉक.

मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी असेल आणि ती खरंच शर्यतीला नेणार असाल, तर गोष्ट वेगळी. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. रस्त्यावर मात्र नको. राज्य सरकारच्या लेखी संमतीविना सार्वजनिक जागी शर्यत लावली, तर मोटार वाहन कायद्याच्या 189 व्या कलमाखाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडीत परवानगीविना केलेल्या बदलांचा हिशेब त्याच कायद्यात वेगळा आहे. वांद्रे रेक्लमेशनवर कुणी धूर काढत असेल तर त्याला रेसिंग म्हणू नका.

आयोजकांकडे एक मागणी आहे. शर्यतीआधीच्या तपासणीत लॉक असलेल्या प्रत्येक गाडीचं बटण दाबून सोडून बघा आणि खटका दिसला तर गाडी परत पाठवा. चाकं फिरवून धूर काढणाऱ्या गाडीसमोर मोबाइल घेऊन कुणालाही उभं राहू देऊ नका. फ्यूज उडाला की ब्रेक सुटतो, हा त्या यंत्राचा गुण आहे. त्याच वेळी मागची चाकं पूर्ण जोरात फिरत असतात, हे समोर उभ्या असलेल्याला कुणीतरी सांगायला हवं.

आणि हॅचबॅकवाल्यांनो, ते पैसे चांगल्या टायरवर घाला.