सही तिची, मर्जी शेठची

मुलीच्या वह्यांना कव्हरं असतात, गृहपाठ वेळेवर असतो, ती रांगेत उभी राहते, म्हणून ती शहाणी. मुलगा रांग मोडून तिकीट काढून आला की तो हुशार. मराठी मध्यमवर्गीय घरांत हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणाला खटकतही नाही. पुढे हीच मुलगी बी.कॉम. होते, कंपनी सेक्रेटरीच्या परीक्षा पास होते आणि एखाद्या कंपनीत कंप्लायन्स, म्हणजे नियमपालन, सांभाळायला बसते. रांग मोडणारा तोवर त्याच कंपनीत सेल्सचा प्रमुख झालेला असतो, किंवा थेट मालक. मग आठ मार्चला आपण व्यासपीठावरून सांगतो, पाहा, उद्योगांतल्या नीतिमत्तेची धुरा आता स्त्रियांनी उचलली आहे!

उचलली आहे, यात वाद नाही. ती त्यांच्या खांद्यावर कुणी आणि कशासाठी ठेवली, यावर मात्र आपण बोलत नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्याने लिस्टेड कंपनीला पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी नेमणं भाग आहे. कायद्याप्रमाणे कंपनी चालते की नाही हे संचालक मंडळाला सांगणं हे त्याचं किंवा तिचं काम. सेबीच्या नियमांप्रमाणे कंप्लायन्स अधिकारीसुद्धा सेक्रेटरीची पात्रता असलेलाच लागतो. या जागांवर आज मुली मोठ्या संख्येने दिसतात, आणि त्या गुणवत्तेवरच आल्या आहेत. पण त्यांना घेणाऱ्यांच्या मनात काय असतं? मुलाखत संपल्यावर दाराआड जे बोललं जातं ते ऐका: ‘मुली बऱ्या पडतात. काम चोख करतात आणि उगाच डोकं चालवत नाहीत.’ नियम पाळणारी म्हणून तिला घ्यायचं, आणि ती आपलंही मुकाट पाळेल असा हिशोब मनात धरायचा. घरात जे तिला शिकवलं त्याचं व्याज कंपनी खाते.

मध्यम आकाराच्या कंपनीत सेक्रेटरी मॅडमच्या टेबलाचा खण उघडून पाहावा. त्यात रबरबँड लावलेले पाच-सहा पेन ड्राइव्हसारखे टोकन असतात. प्रत्येकावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आद्याक्षरं. या संचालकांच्या डिजिटल सह्या. पासवर्ड शेजारच्या चिठ्ठीवर. ही सही ज्याची त्याने स्वतःच्या ताब्यात जपून ठेवावी असं माहिती तंत्रज्ञान कायदा सांगतो. पण साहेबांना वेळ नसतो, मोठ्या साहेबांना टोकन लावता येत नाही, आणि मॅडम विश्वासू असतात. रात्री साडेदहाला फोन येतो, ‘तो फॉर्म आजच टाकून द्या.’ कागदपत्रं कुठे आहेत? ‘ती उद्या देतो.’ पुढे प्रकरण चिघळलं आणि चौकशी आली, की याच खणाकडे बोट दाखवून साहेब म्हणणार, ‘मला यातलं काही माहीत नाही, सगळं मॅडम बघायच्या.’ विश्वासू या शब्दाचा अर्थ आपल्याकडे इतका खाली आला आहे.

मिनिट्सचंही तेच. बैठकीनंतर पंधरा दिवसांत मसुदा संचालकांकडे जायचा, त्यांनी सात दिवसांत सूचना द्यायच्या आणि तिसाव्या दिवसाच्या आत इतिवृत्त वहीत चढवायचं, असा नियम आहे. एखाद्या संचालकाने बैठकीत विचारलेलं असतं की भावाच्याच कंपनीला हे कंत्राट का. मॅडम ते मसुद्यात घेतात. मग मालकाच्या ऑफिसातून निरोप येतो: ‘ते वाक्य काढा. चर्चा होऊन ठराव एकमताने संमत, एवढंच ठेवा.’ इतिवृत्तात फेरफार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ती शिक्षा निरोप देणाऱ्याच्या वाट्याला आल्याचं तुम्ही ऐकलंय का?

तोंडी शंकेची किंमत काय असते ते सत्यम प्रकरणात दिसलं. १६ डिसेंबर २००८ ला सत्यमच्या संचालक मंडळाने मालकाच्याच कुटुंबाच्या दोन मेटास कंपन्या विकत घ्यायचा ठराव मंजूर केला. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत तो मागे घ्यावा लागला. मंडळावरच्या स्वतंत्र संचालकांपैकी राजीनामा देणाऱ्या पहिल्या होत्या मंगलम श्रीनिवासन. बैठकीत आपण शंका बोलून दाखवल्या होत्या, पण विरोधात मत नोंदवलं नाही, त्याची नैतिक जबाबदारी घेते, असं त्यांनी राजीनाम्यात लिहिलं. दोनच आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ ला, सत्यमचे मालक रामलिंग राजूंनी हजारो कोटींचे खोटे हिशेब कबूल केले. मंडळावर मोठमोठे विद्वान पुरुष होते. निदान जबाबदारीचा उच्चार तरी आधी एका बाईंनी केला, हे लक्षात ठेवावं. आणि मत नोंदवायचं त्यांच्याकडूनही राहून गेलं, हेही.

त्यानंतर सरकारने ठरवलं की मोठ्या कंपन्यांच्या मंडळावर किमान एक स्त्री हवीच. सेबीने आधी ऑक्टोबर २०१४ ची मुदत दिली, ती एप्रिल २०१५ पर्यंत वाढवली. आपल्या उद्योगपतींनी काय केलं? घरात हाक मारली. कुणाची पत्नी, कुणाची मुलगी, कुणाची वहिनी एका रात्रीत संचालक झाली. या बायकांना अक्कल नव्हती असं मी म्हणत नाही. काही तर नवऱ्यांपेक्षा शहाण्या असतील. पण जिने कुटुंबप्रमुखाला प्रश्न विचारायचा तीच त्याच्या पंगतीत बसणारी असावी, ही योजना कायद्याला वाकुल्या दाखवणारी होती. पुढे स्वतःच नेमलेल्या कोटक समितीच्या शिफारशीवरून सेबीला नियम कडक करावा लागला: बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांत एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या हजारांत एप्रिल २०२० पासून किमान एक स्वतंत्र स्त्री संचालक हवी. ‘स्वतंत्र’ हे विशेषण वेगळं लिहावं लागलं, यातच आपली पत कळते.

आपण स्त्रीच्या हाती पहारा देतो तो बहुतेकदा स्त्रियांचाच. नाशिकमध्ये जन्मलेली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाली. पण बायकांना वकिलीची दारं उघडली ती १९२३ च्या कायद्याने. मधल्या काळात, १९०४ पासून, सरकारने तिला बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये नेमलं. पडद्यातल्या जमीनदार विधवांच्या मालमत्तेला नातेवाइकांपासून जपायचं काम दिलं. त्या कामात तिने आयुष्याची ऐन वर्षं वेचली. पण तेवढ्या बुद्धीला तेवढंच अंगण देणाऱ्यांना आपण काय म्हणायचं?

आजचं अंगण फारसं वेगळं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती हवी, अध्यक्षपदी वरिष्ठ स्त्री हवी. तरतूद योग्यच आहे. पण समितीच्या अध्यक्ष मॅडमना खरेदी, कर्ज, कंत्राट यांतल्या लबाडीबद्दल बोलू दिलं जातं का? आणि समिती नेमली नाही तर दंड पन्नास हजारांपर्यंत. एवढ्यात कंपनीची दिवाळीची मिठाईसुद्धा येत नाही. १२ मे २०२३ ला गोवा विद्यापीठाशी संबंधित एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला कायद्याच्या अंमलबजावणीतल्या त्रुटींवर बोट ठेवावं लागलं. त्याच निकालात एका वृत्ताचा हवाला आहे: देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ मध्ये अशी समितीच नव्हती.

आणि हा कायदा आला कुठून? १९९२ मध्ये राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी ही सरकारची साथिन होती. बालविवाह होऊ नयेत, कायदा पाळला जावा, हे बघणं तिचं नेमून दिलेलं काम. आजच्या बोलीत सांगायचं तर गावपातळीवरची कंप्लायन्स अधिकारीच. तिने एका तान्ह्या मुलीचं लग्न रोखायचा प्रयत्न केला आणि सामूहिक बलात्काराची शिक्षा भोगली. १९९५ मध्ये जिल्हा न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल तिच्यामुळे आला, आणि त्यातूनच पुढे हा कायदा. काम सरकारचं होतं. सूड मात्र एकटीवर उगवला गेला.

शहरात सूड सभ्य कपडे घालून येतो. अमेरिकेत एन्रॉनच्या शेरॉन वॉटकिन्सने ऑगस्ट २००१ मध्ये अध्यक्षांना भेटून हिशेबातली लबाडी सांगितली. दोन दिवसांनी कंपनीकडे तिच्या वकिलांचा ई-मेल आला. विषय होता, वॉटकिन्सला काढून टाकलं तर कायदेशीर धोका काय.

इथे काही भाबडी मंडळी म्हणतात, म्हणूनच बायका हव्यात, त्या मुळातच प्रामाणिक असतात. ही आरती मला नको. थेरानोसमध्ये रक्त तपासणीच्या खोट्या यंत्राबद्दल गुंतवणूकदारांना फसवून अकरा वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा झाली ती एलिझाबेथ होम्सला. आणि त्याच कंपनीविरुद्ध सरकारी यंत्रणेला २०१५ मध्ये पत्र लिहिणारी एरिका च्युंग प्रयोगशाळेतली विशीतली मुलगी होती. बाई देवी नाही. तिला देवी केलं की पगार, अधिकार आणि संरक्षण मागायची सोय उरत नाही. देवीला नारळ पुरतो.

आपल्या मुंबईतलं उदाहरण घ्या. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील हे ऐकून भांडुपपासून पुढे शाखाशाखांसमोर म्हातारी माणसं रडत उभी राहिली. एकाच बांधकाम समूहाची बुडीत कर्जं झाकायला २१,०४९ बनावट खाती दाखवली होती. हे रिझर्व्ह बँकेच्या कानावर घातलं ते बँकेच्या कर्ज विभागातल्या काही महिला कर्मचाऱ्यांनी, असं तेव्हा छापून आलं. वरपासून खालपर्यंत किती पुरुषांच्या टेबलांवरून ती कागदपत्रं फिरली असतील? कुणाच्या घशातून आवाज निघाला नाही. आणि त्या बायकांबद्दल आपण काय बोललो? ‘आधी का नाही सांगितलं?’ हा एकच प्रश्न कट्ट्यावर ऐकू आला.

आधी सांगायला घरचे देतात का? संध्याकाळी जेवताना मुलगी म्हणते, आज एका कागदावर सही करायला नकार दिला. आई विचारते, ‘हप्ता कुणाचा जातोय घराचा?’ वडील म्हणतात, ‘एवढं ताणायचं नसतं.’ सासरी तर लग्न ठरतानाच समाधान होतं की मुलीची नोकरी टेबलाची, वेळेची, भानगडीची नाही. नवरा म्हणतो, ‘तुझ्या एकटीने काय होणार?’ हेच सगळे रविवारी फुले-आगरकरांवरचं व्याख्यान ऐकायला पहिल्या रांगेत बसतात. भ्रष्टाचारावर तावातावाने बोलणारा हा वर्ग घरातल्या प्रामाणिक मुलीला रोज थोडी थोडी गप्प करतो. तो मालकापेक्षा कमी दोषी आहे असं मला वाटत नाही.

कायद्याचीही गंमत बघा. कंपनीच्या हिशेबतपासनिसाला मुदतीआधी काढायचं तर भागधारकांचा विशेष ठराव आणि त्याआधी केंद्र सरकारची परवानगी लागते. सेक्रेटरीला काढायला असली कुठलीच आडकाठी नाही. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२० मध्ये हे ओळखलं: मुख्य कंप्लायन्स अधिकाऱ्याला किमान तीन वर्षांची मुदत हवी, मुदतीआधी बदली किंवा गच्छंती संचालक मंडळाच्या मंजुरीनेच, आणि धंद्याचं काम त्याच्या गळ्यात मारायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीनेही लिस्टेड कंपन्यांच्या कंप्लायन्स अधिकाऱ्याचं पद वर उचललं. पूर्णवेळ नोकरी आणि व्यवस्थापनातलं महत्त्वाचं पद सक्तीचं केलं. खुर्ची वर गेली. तिच्यावर बसलेल्या बाईला हाकलणं मात्र पूर्वीइतकंच सोपं आहे. शिवाय त्याखालच्या हजारो खाजगी कंपन्यांपर्यंत यातलं काही पोचलेलं नाही. सेक्रेटरीला काढण्यासाठीसुद्धा हिशेबतपासनिसासारखीच सरकारी परवानगी लागली पाहिजे, ही मागणी सेक्रेटरींच्या संस्थेने आणि महिला संघटनांनी एकत्र येऊन का करू नये?

तोवर एक काम तुमच्या-आमच्या हातात आहे. आज मराठी घराघरांत डीमॅट खाती आहेत, शेअर आहेत. कंप्लायन्स अधिकाऱ्याने राजीनामा दिला तर कारणांसह ते पत्र कंपनीला शेअर बाजाराकडे द्यावं लागतं आणि ते कुणालाही वाचता येतं. बहुतेक पत्रांत ‘वैयक्तिक कारणांमुळे’ एवढंच सापडेल. यंदा तुमच्या कंपनीच्या वार्षिक सभेची लिंक आली की लाभांशाचा प्रश्न जरा मागे ठेवा. नाव नोंदवा, माइक मिळाला की एवढंच विचारा: गेल्या पाच वर्षांत तुमच्या सेक्रेटरी किती वेळा बदलल्या, आणि शेवटच्या मॅडम का गेल्या? उत्तर आलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.