दारातली गाडी

आमच्या हिंगोली जिल्ह्यात ‘हायब्रीड’ हा शब्द मोटारीच्या आधी शेतात आला. देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, १९६४ साली आली. पुढे आमच्या लहानपणी घरोघरी दोन प्रकारच्या भाकरी असत. गावरान ज्वारीची भाकर पाहुण्यांसाठी, हायब्रीडची घरच्यांसाठी. म्हातारी माणसे अशक्त पोराला ‘हायब्रीडचा’ म्हणून चिडवायची. आता तोच शब्द पोरे छाती फुगवून उच्चारतात. गेल्या महिन्यात नववीच्या वह्या तपासताना एका वहीच्या मागच्या पानावर बॉलपेनने काढलेली उंच, रुंद गाडी दिसली. खाली उर्दूत लिहिले होते, ‘उरुस, ८०० हॉर्सपॉवर, हायब्रीड’.

आम्ही त्या मुलाला रागावलो नाही. रागावायला तोंड नव्हते, कारण त्याच आठवड्यात अशाच एका गाडीने आमचेही मन थोडे हलवले होते.

आधी वहीतल्या गाडीविषयी सांगतो. नाव ऐकून कुणालाही दर्ग्याचा उरूस आठवेल. पण लॅम्बोर्गिनी कंपनीने हे नाव घेतले आहे ते रानबैलाचे, आजच्या गुराढोरांच्या पूर्वजाचे. या गाडीचा ‘एसई’ हा प्लग-इन हायब्रीड अवतार ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आला, किंमत साडेचार कोटींच्या वर. तिच्यात चार लिटरचे, आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे आणि सोबत विजेची मोटार. दोन्हींची ताकद मिळून ८०० अश्वशक्ती. आपल्याकडचा पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला तर असे सोळा ट्रॅक्टर एका गाडीत बसले म्हणायचे. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती ३.४ सेकंदांत गाठते.

इंजिन आणि मोटार दोन्ही कशासाठी, असा प्रश्न कुणालाही पडेल. बैलजोडी हाकलेल्या माणसाला हे चटकन कळते. जोडीतला एक बैल उचल घेण्यात पटाईत असतो, दुसरा लांबच्या वाटेला दमदार. विजेची मोटार उभ्या जागीच पूर्ण जोर लावते. पेट्रोल इंजिनाला आधी फेरे वाढवून अंगात यावे लागते, पण लांब पल्ल्याला ते भरवशाचे असते आणि पाच मिनिटांत त्याची टाकी भरते. कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० सालीच पेट्रोल इंजिन आणि विजेच्या मोटारी एकत्र जोडलेली गाडी बनवली होती. टोयोटाने १९९७ मध्ये प्रियस काढून ही जोडी सामान्य गिऱ्हाइकाच्या दारात आणली.

यातला ‘प्लग’ मात्र नीट समजून घ्यायला हवा. साध्या हायब्रीडची बॅटरी लहान असते. आपल्याकडच्या वीस लाखांच्या आतबाहेरच्या काही हायब्रीड गाड्यांत ती एक युनिट विजेपेक्षाही कमी साठवते. ती इंजिनावर आणि ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या जोरावर आपोआप भरते. प्लग-इनची बॅटरी मोठी, उरुसमध्ये जवळपास २६ युनिटांची. ती घरी मोबाइलसारखी चार्ज करायची आणि मग साठेक किलोमीटर पेट्रोलचा थेंब न जाळता जायचे. ‘क्रॉसओव्हर’ म्हणजे दिसायला जीपसारखी उंच, पण बांधणी मोटारकारसारखी एकसंध. म्हणून खड्ड्यातही ती ट्रकसारखी हिसके देत नाही.

ओढ कशाची, हे आता स्पष्ट व्हावे. उंच बसायला मिळते, घरातली सात-आठ पोती सामान मावते, जोर रानबैलाचा, शहरात धूर नाही, आणि वाटेत चार्जिंग संपेल ही धास्ती नाही. शिवाय मालकाला सांगता येते की आमची गाडी विजेवर चालते. ताकदही हवी आणि मनाला टोचणीही नको, या दोन्ही गोष्टी ही गाडी एकदम देऊ करते. व्होल्व्होने २०१६ मध्ये भारतात सव्वा कोटीची प्लग-इन एक्ससी-९० आणली, मग बीएमडब्ल्यूची एक्सएम आली. आपल्या देशात प्लग असलेली हायब्रीड आजवर प्रामुख्याने अशा कोटींच्या घरातच राहिली आहे.

मोठ्या गाडीची हौस ही फक्त मुंबईची, असे समजू नये. ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत, एकाच दिवशी सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या विकल्या गेल्या, एकूण ६५ कोटींच्या. मोठा वाटा बँकेच्या कर्जाचा होता आणि व्याजाचा दर ट्रॅक्टरच्या कर्जापेक्षा बराच कमी. त्याच शहरासाठी ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटाने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. वीस हजार कोटींचा कारखाना, विजेवरच्या आणि हायब्रीड गाड्यांचा. म्हणजे आमच्या वर्गातल्या पोराने वहीत काढलेली गाडी नाही, तरी तिची धाकटी बहीण उद्या आपल्याच मुलखात तयार होईल. कदाचित तोच तिचे बोल्ट आवळेल.

आता घरातली गोष्ट. आमचा भाचा चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. सुट्टीला येताना मित्राची नवी हायब्रीड एसयूव्ही मागून आणली. कोट्यवधींची नव्हे, प्लगवालीही नव्हे, आपल्या कानावर असणाऱ्या कंपनीचीच. आपाला नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचे होते. फजरनंतर लगेच निघालो. आमच्या गल्लीत सकाळी कुणी गाडी काढली की दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडतात. त्या दिवशी गाडी हलली आणि एकही कुत्रे भुंकले नाही. विजेवरच ती गल्लीबाहेर गेली. कळमनुरीच्या गतिरोधकांवर भाचा पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, “मामू, देखो, ब्रेक मारा तो बॅटरी भरती.” चाकाकडून बॅटरीकडे निळे बाण धावत होते. वारंगा फाटा कधी मागे पडला कळले नाही. आपा मागे झोपली. बसमध्ये तिची कंबर धरते, त्या दिवशी धरली नाही. परत येताना आम्हीच दोनदा विचारले, “किती पडते रे ही?”

रात्री जेवणानंतर त्याने खिशातून कागद काढला. रस्त्यावर येईपर्यंत वीस लाख. पाच लाख त्याची पाच वर्षांची बचत, पंधरा लाख कर्ज, साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षे. हप्ता साडेचोवीस हजार. पगार अठ्ठेचाळीस हजार. दुल्हाभाई काही बोलले नाहीत. पान लावत बसले. आपा म्हणाली, “ले बेटा, तेरी कमाई है.” धाकटी भाची नांदेडला बी.फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची फी आजवर भावाच्याच पैशांतून जाते. ती ताटे उचलत होती, तीही गप्प.

मास्तर माणूस, आम्ही पाटीवर हिशेब मांडायला बसलो. हप्त्यांची बेरीज वीस लाख साठ हजारांच्या घरात जाते, म्हणजे पंधरा लाखांवर साडेपाच लाखांहून जास्त सूद. सूद हा शब्द आमच्या घरात हलका नाही, तो ऐकल्यावर दुल्हाभाईंचा हात पानावर थांबला. मग म्हटले, चल, पेट्रोल वाचते म्हणतोस, ते मोजू. त्याच गाडीचा साधा पेट्रोल प्रकार तीन लाखांनी स्वस्त आहे. तो लिटरला चौदा किलोमीटर जातो असे धर, हायब्रीड एकवीस. पेट्रोल १०५ रुपये धर. एका किलोमीटरला साडेसात रुपये आणि पाच रुपये. वाचले अडीच. तीन लाख भरून निघायला एक लाख वीस हजार किलोमीटर पळायला हवे.

“तू वर्षाला किती पळवशील?”

तो विचारात पडला. कारखान्याची बस त्याला दारातून नेते, दारात सोडते. हिंगोलीला वर्षातून चार फेऱ्या, सुट्टीला इकडे-तिकडे. ओढूनताणून आठ हजार किलोमीटर. पंधरा वर्षे! रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्या माणसाला हीच गाडी सव्वातीन-साडेतीन वर्षांत पैसे परत देईल. त्याच्यासाठी ती शहाणपणाची. उभ्या राहणाऱ्या गाडीचे मायलेज काय कामाचे?

प्लगवाल्या गाड्यांचीही हीच गत झाली आहे. युरोपियन आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची खरी नोंद तपासली. प्लग-इन हायब्रीड गाड्या प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट कार्बन डायऑक्साइड सोडत होत्या. गाड्या बिघडलेल्या नव्हत्या. मालक त्या गृहीत धरल्याइतक्या वेळा चार्ज करत नव्हते आणि विजेवर चालवत नव्हते. प्लग लावला नाही तर ती गाडी म्हणजे मोठे पेट्रोल इंजिन आणि वर बॅटरीचे फुकटचे ओझे. बीएमडब्ल्यूची एक्सएम सुमारे २.७ टनांची आहे. आणि आपल्या मोहल्ल्यात लावायचा म्हटला तरी कुठे? पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर २६ युनिटे भरायला आठ-नऊ तास लागतील. गाडी गल्लीत, मीटर माडीवर, आणि मध्ये वीज गेली तर पुन्हा सुरुवात. रोज रात्री उठून केबल लावणाऱ्याला ही गाडी खरेच साठ किलोमीटर अडीचशे रुपयांच्या विजेत नेईल. एवढ्याच वाटेला आठ सिलिंडरचे इंजिन आठ-नऊशेचे पेट्रोल सहज पिते. म्हणजे यंत्र खोटे बोलत नाही. ते तुमच्या सवयीवर विसंबून असते.

भाच्याने पाटी बाजूला सारली. “मामू, हिशेब मला येतो. गाडी माझ्यासाठी नाही.” मग हळूच म्हणाला, दोन महिन्यांपूर्वी बहिणीसाठी स्थळ आले होते. बैठकीत पाहुण्यांपैकी एकाने विचारले, मुलीचा भाऊ चाकणला आहे ना, मग दारात गाडी कशी नाही? पुढे निरोप आला नाही. तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे होते.

आम्ही पाटीवर सगळे मांडले होते, फक्त हे मांडले नव्हते. त्या उंच गाडीची ओढ ताकदीची नव्हती, पेट्रोलची नव्हती. चार माणसांत आपल्या बहिणीची मान खाली जाऊ नये, एवढीच होती. यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर भाचीने दिले. ताटे ठेवून ती दारात उभी होती. “भाईजान, गाडी पाहून जे येतील ते पुढच्या वर्षी अजून मोठी मागतील. तू कुठून आणशील? मला दोन वर्षे शिकू दे. मग मी माझी नोकरी सांगेन.” एवढे बोलून ती पाणी आणायला गेली. दुल्हाभाईंनी पान तोंडात टाकले आणि पहिल्यांदा बोलले, “बात सही है.”

गाडी घ्यायचीच नाही असे काही ठरले नाही. भाच्याने कागद घडी करून पुन्हा खिशात ठेवला. चाकणला गेल्यावर त्याने फोनवर विचारले, आपाला दर तीन महिन्यांनी नांदेडला न्यायचे तर भाड्याची गाडी वर्षाला कितीला पडेल? आम्ही म्हटले, मोजून सांगतो. मोजले आणि सांगितले. ती रक्कम त्याच्या एका हप्त्यापेक्षा कमी निघाली. तो हसला आणि म्हणाला, मग या वेळी भाडे मीच पाठवतो.

वर्गातल्या त्या मुलाला आम्ही वही परत दिली. चित्राखाली लाल शाईने एक गणित लिहून दिले: बॅटरी २६ युनिट, युनिटला दहा रुपये, ६० किलोमीटर, तर एका किलोमीटरला किती? त्याने चार रुपये तेहतीस पैसे काढले. बरोबर होते. मग हात वर करून विचारले, “सर, चार्जिंग करनाच भूल गए तो?”

आम्ही त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. वाचकहो, दारात गाडी आणण्याआधी घरातल्या गप्प बसलेल्या माणसालाही एकदा विचारून पाहा.