सव्वा टक्का आणि चार तास

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाचवर आणला आणि गृहकर्जदारांना हायसे वाटले. वाटायलाच हवे. तीस लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत आणि पावणेनऊ टक्के व्याज धरले तर महिन्याचा हप्ता साडेसव्वीस हजारांच्या घरात जातो. व्याज साडेसातवर आले की तोच चोवीस हजारांच्या जरा वर येऊन थांबतो. म्हणजे महिन्याला साधारण तेवीसशे रुपये वाचले. आता हे कर्ज अंबरनाथ पूर्वेला वन बीएचके घेऊन नोकरीसाठी फोर्टात जाणाऱ्याचे आहे, असे धरू. अंबरनाथ ते सीएसएमटी सुमारे साठ किलोमीटर. फास्ट मिळाली तरी सव्वा ते दीड तास गाडीत, अलीकडे शेअर रिक्षा, पलीकडे बस नाहीतर पायपीट. जाऊन-येऊन चार तास कुठेच गेले नाहीत. पगार साठ हजार, कामाचे दिवस पंचवीस, रोज आठ तास, म्हणजे तासाला तीनशे रुपये पडतात. वर्षभराच्या दरकपातीने मिळवून दिलेले तेवीसशे रुपये हे या माणसाच्या जेमतेम दोन दिवसांच्या प्रवासाचे मोल झाले. उरलेल्या तेवीस दिवसांसाठी पतधोरण समितीने अद्याप बैठक बोलावलेली नाही.

हा हिशेब लबाडीचा आहे, असे कोणी म्हणेल. ते चार तास मोकळे मिळाले असते तर हा गृहस्थ रोज बाराशे रुपये जास्तीचे थोडेच कमावणार होता? मान्य. मग तासाचे मोल निम्मे धरा. दोनाचे चार दिवस होतील, इतकेच. शिवाय प्रवासाचा वेळ रुपयांत मोजणे हा काही आमचा शोध नव्हे. मेट्रो किंवा उन्नत मार्ग मंजूर करून घेताना प्रवाशांच्या वाचणाऱ्या वेळेला किंमत लावली जाते आणि प्रकल्पाच्या फायद्यात ती ठळकपणे मांडली जाते. सरकारला पूल बांधताना नागरिकाचा वेळ दिसतो. तोच नागरिक कर्जासाठी बँकेच्या टेबलापुढे बसला की दिसेनासा होतो. तिथे सॅलरी स्लिपा लागतात, फॉर्म १६ लागतो, सिबिलचा आकडा लागतो, जागेचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन लागते. अर्जदार रात्री किती वाजता घरी पोचणार, हा रकाना कोणत्याच फॉर्मात नसतो.

गंमत अशी, की तो कुठे राहणार हे बऱ्याच अंशी ठरते याच टेबलावर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. त्यापुढे पंचाहत्तर लाखांपर्यंत ऐंशी टक्के. तेहतीस लाखांच्या घराला पदरचे तीन लाख तीस हजार घातले की भागते. चाळीस लाखांचे घर घ्यायचे तर किमान आठ लाख हातात हवेत. किंमत वाढली सात लाखांनी, पण डाऊन पेमेंट मात्र जवळपास अडीचपट झाले. स्टॅम्प ड्यूटी आणि रजिस्ट्रेशन वेगळेच. या एका पायरीवर घरातले सोने, पीएफ आणि सासरेबुवा या सगळ्यांची परीक्षा होते आणि एकेक स्टेशन मागे पडत जाते. ठाणे सुटते, डोंबिवली सुटते, कल्याणही सुटते आणि अर्ज अंबरनाथला येऊन मंजूर होतो. ‘त्याने स्वतःच निवडले’ हे म्हणणे खरे, पण अर्धेच.

दुसरा आक्षेप पासचा. सेकंड क्लासचा महिन्याचा पास काही शे रुपयांत निघतो, मग दूर राहण्याचा एवढा बाऊ कशाला? हा हिशेब फक्त पैशांचा झाला. अमेरिकेत २००० सालाच्या सुमारास फॅनी मे या गृहकर्ज क्षेत्रातील संस्थेने शिकागो, सिअॅटल अशा मोजक्या शहरांत एक प्रयोग केला होता. रेल्वे-बसच्या जवळ घर घेणाऱ्याचा मोटारीचा खर्च वाचतो. ती बचत हिशेबात धरून त्याला थोडे जास्त कर्ज द्यायचे. तेच गणित इथे आणले तर अंबरनाथकर सुखी ठरेल, कारण त्याचे पैसे खर्चच होत नाहीत. खर्च होतात ते तास. वर्षाला बाराशे, वीस वर्षांत चोवीस हजार. आठ तासांची पाळी धरली तर तीन हजार पाळ्या, म्हणजे दहा वर्षांची एक पूर्ण नोकरी, बिनपगारी आणि बरीचशी उभ्याने. अंबरनाथहून सुटणारी लोकलही फलाटाला लागते ती खिडक्या धरलेली. कारण उल्हासनगर-विठ्ठलवाडीची मंडळी बसायला मिळावे म्हणून आधी उलटी येतात. उशिरा चढलेल्याच्या वाट्याला तिघांच्या बाकावरची कडेची चौथी सीट आली तरी नशीब. ऑगस्ट २०२२ मध्ये बदलापूर-कळव्याच्या प्रवाशांनी वाढीव एसी लोकलविरुद्ध आंदोलन केले आणि मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या, तो राग गारव्यावरचा नव्हता. पास चालणारी साधी गाडी गेली यावरचा होता. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काही जिवाला मुकले. पासावर याची किंमत छापलेली नसते.

स्वतःचे घर हवे, यात चूक काहीच नाही. भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी घरमालकाचे तोंड पाहावे लागते. मात्र नोकरी फोर्टातून बीकेसीत, तिथून महापे-ऐरोलीला आणि एखाद्या दिवशी थेट हिंजवडीला जाते, तेव्हा भाडेकरू सामान बांधतो. कर्जदाराला वीस वर्षे एकाच स्टेशनावरून निघावे लागते. बँकेने तास मोजायला सुरुवात केली तर लोकांची पात्रता आणखी घटेल आणि त्यांना वांगणी-शेलूची वाट धरावी लागेल, ही भीती मात्र खरी आहे. म्हणून कर्ज कापू नये, आकडा दाखवावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसोबत ग्राहकाला वार्षिक खर्चाचा दर सांगणारे मुख्य तथ्यपत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात घर ते सध्याची नोकरी, महिन्याचे तास, एवढी एक ओळ वाढवायला शाई फार लागणार नाही. पटणार नाही ती बिल्डरांना. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो अजून कागदावर आहे, पण तिच्या भावी मिनिटांचे पैसे माहितीपत्रकातून आजच वसूल होतात आणि त्यांवरचे व्याज पहिल्या हप्त्यापासून सुरू होते.