स्वस्त मेमरीची महागडी रांग

घरात कुणी व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतला की शेजारच्या खोलीतली ऑनलाइन मीटिंग अडखळते. मग कंपनीला शिव्या बसतात आणि महिन्याचा प्लॅन वाढतो. दोष मात्र पुष्कळदा राउटरमधल्या वाजवीपेक्षा मोठ्या बफरचा असतो.

बफर म्हणजे पुढे जाण्यासाठी खोळंबलेली डेटाची पॅकेट्स ठेवण्याची मेमरी. मेमरी स्वस्त झाली आणि उत्पादकांनी ती सढळ हाताने भरली. लिनक्समध्ये इथरनेट कार्डाच्या रांगेची मर्यादा बराच काळ 1000 पॅकेट्स होती. 1500 बाइटचं एक पॅकेट धरलं तर हा ऐवज 15 लाख बाइटचा. एक गिगाबिटच्या लाइनवर तो 12 मिलिसेकंदांत रिकामा होतो, एक मेगाबिटच्या अपलोडवर त्यालाच 12 सेकंद लागतात! संभाषणात दीडशे मिलिसेकंदांपलीकडचा उशीर खटकू लागतो, हे लक्षात घेतलं म्हणजे मीटिंगचं काय होत असेल ते कळतं. रेशन दुकानाचा ओटा कितीही लांबवला तरी तराजू एकच असेल तर धान्य लवकर मिळत नाही.

यातली खरी गोम टीसीपीच्या, म्हणजे इंटरनेटवर डेटा पाठवण्याच्या नियमावलीच्या, स्वभावात आहे. पॅकेट गळेपर्यंत तो वेग वाढवत राहतो. गळालं की वाट भरली असं समजून हात आखडता घेतो. 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला 32 हजार बिटवरून 40 बिटवर कोसळला, त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी ही शिस्त टीसीपीत घातली. अवाढव्य बफर पॅकेट गळूच देत नाही, त्यामुळे हा इशारा फार उशिरा पोहोचतो. जॉन नेगल यांनी 1985 मध्येच दाखवून दिलं होतं, की अमर्याद मेमरी दिली तरी नेटवर्क कोलमडू शकतं. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 2010 च्या सुमारास जिम गेटिस यांना घरच्याच इंटरनेटवर हा घोळ सापडला, तेव्हा कुठे चर्चा पेटली.

तोडगा 2012 मध्ये आला. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी रांगेची लांबी मोजणं सोडून पॅकेट किती वेळ ताटकळलं ते मोजलं. थांबणं 100 मिलिसेकंदभर सतत 5 मिलिसेकंदांच्या वर राहिलं, की मुद्दाम पॅकेट टाकून द्यायचं. ही ‘कोडेल’ पद्धत त्याच वर्षी लिनक्समध्ये आली, तीही फुकट.

बफर सरसकट छाटावेत असा याचा अर्थ नाही. जाऊन-येऊन 200 मिलिसेकंद लागणाऱ्या दूरच्या सर्व्हरशी एक गिगाबिटने बोलायचं तर वाटेतला डेटा पोच येईपर्यंत सांभाळायला पाठवणाऱ्या संगणकाला 25 मेगाबाइट लागतात. अशा हजार जोडण्यांना 25 गिगाबाइट. तिथे मेमरी खर्च करणं रास्तच.

घरच्या राउटरला मात्र ही सबब चालत नाही. जाहिरातीत मेगाबिट छापणाऱ्या कंपन्यांनी लाइन भरलेली असताना उशीर किती होतो, तेही छापायला हवं. तोवर ग्राहकांनी नवा प्लॅन घेण्याआधी मोठी फाइल अपलोडला लावून पिंग, म्हणजे पॅकेटला जाऊन-येऊन लागणारा वेळ, तपासावा. आकडा वीसवरून हजार मिलिसेकंदांवर गेला, तर पैसे प्लॅनवर न घालता कोडेल असलेल्या राउटरवर घालावेत.