खडकवासल्याची चौपाटी आणि मागे लागणारी भजी

पुण्याला समुद्र नाही. हे एक सोडलं तर पुण्यात सगळं आहे, असं आमच्याकडे (म्हणजे अर्थातच पुण्यात) मानतात. आणि जे नाही ते आम्ही नुसतं नाव देऊन मिळवतो. खडकवासला धरणाच्या पाण्याकडेने जो रस्ता जातो, त्याच्या काठाला आम्ही बिनदिक्कत ‘चौपाटी’ म्हणतो. वाळू नाही, लाटा नाहीत, भरती-ओहोटी नाही. गंमत म्हणजे खडकवासल्यात लाटा आहेत, पण त्या शेडमध्ये! केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र ही 1916 सालची संस्था इथेच आहे, आणि देशातल्या बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून लाटांचा अभ्यास तिथे होतो. तो समुद्र आपल्याला बघायला मिळत नाही. आपल्या वाट्याला येते ती चौपाटी.

वीकांताला तिथे जाऊन आलेल्या कुठल्याही आयटीवाल्याला सोमवारी विचारा, "कसं होतं?" उत्तर ठरलेलं. सिंहगड रोडला दीड तास अडकलो, गाडी लावायला जागा नव्हती, बसायला जागा नव्हती, आणि त्या भजीवाल्यांनी डोकं खाल्लं. गाडीचा वेग कमी झाला की काचेशी कुणीतरी हजर. "या दादा, गरम कांदाभजी!" "ताई, कणीस घ्या, लिंबू-तिखट लावून देते!" नको म्हणालात तर दहा पावलांवर पुढची टपरी, तीच भजी, तोच आग्रह. पाण्याकडे बघत पाच मिनिटं शांत उभं राहावं म्हटलं तर ते काही होत नाही. मग निष्कर्ष निघतो, की या लोकांना हाकललं पाहिजे, म्हणजे जागा कशी छान होईल.

मला हा निष्कर्ष पटत नाही. पण त्रास होतो हेही खरं आहे. उगाच ‘गरीब बिचारे’ म्हणून तो नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न असा आहे, की ही माणसं मागे का लागतात?

याचं मला सापडलेलं सगळ्यात स्वच्छ उत्तर गोव्यातलं आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही काही मित्र मुंबईहून क्रूझने गोव्याला गेलो होतो. जहाज मुरगाव बंदराला लागलं, हातात मोजके तास. बस करून कोलव्याला पोचलो. ज्या किनाऱ्याची आठवडाभर चर्चा केली होती तिथे एकूण वेळ मिळाला सव्वा तास. त्यातला निम्मा "नको, नको" म्हणण्यात गेला. मोत्यांच्या माळा, पैंजण, मेंदी, मसाज... एकामागून एक. सगळे वैतागले. पण मला एक गोष्ट दिसली. तिथेच शॅकवाले होते, आणि त्यांच्यातला एकही माणूस आमच्या मागे आला नाही. खुर्ची टाकून बसले होते, आलात तर या. वाळू तीच, समुद्र तोच, गिऱ्हाईक तेच. मग फरक कुठे होता? गोव्यात सरकारी किनाऱ्यावरच्या शॅकना धोरण आहे, अर्ज करायचा, सोडत निघते, हंगामापुरती जागा मिळते. शॅकवाल्याची जागा उद्याही त्याचीच आहे. माळा विकणाऱ्या बाईला संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावर राहू देतील का, हेच तिला माहीत नसतं.

आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर (सवय जात नाही, माफ करा) ज्या प्रोग्रॅमला काम आलं की कुणीतरी हाक मारणार आहे तो निवांत झोपतो. ज्याला कुणीच हाक मारणार नाही त्याला दर सेकंदाला स्वतः विचारावं लागतं, "काम आहे का? काम आहे का?" मागे लागणं हा माणसाचा स्वभाव नसतो. ती व्यवस्थेतली त्रुटी असते. ज्याची जागा पक्की, तो वाट बघतो. ज्याची कच्ची, तो मागे लागतो.

आता हेच खडकवासल्याला लावून बघा. गेल्या पावसाळ्यात तिथल्या एका मावशींकडे कणीस खाताना मी विचारलं होतं, की एवढं ओरडता कशाला, गिऱ्हाईक आपण होऊन येतंच की. त्या म्हणाल्या, "शनवार-रविवारात काय व्हईल ते खरं. सोमवारी हितं काळं कुत्रं बी नसतं. त्यात गाडी आली की सगळं उचलून पळायचं." गाडी म्हणजे अतिक्रमणाची. म्हणजे आठवड्याचे दोन दिवस, त्यातही खरा धंदा पावसाळ्याचा, कालवलेलं पीठ उद्यापर्यंत टिकणार नाही, आणि पुढचा रविवार इथेच मिळेल याची खात्री नाही. आणि गिऱ्हाईक कसं? तर सिंहगडावरून उतरताना वीस मिनिटं थांबणारं, परत कधी येईल न येईल असं. क्रूझवरून उतरलेल्या प्रवाशात आणि आपल्यात फार फरक नाहीये. आपलं जहाज चार चाकांचं, एवढंच. अशा गिऱ्हाइकासाठी चव सुधारून उपयोग नाही, आवाज वाढवूनच उपयोग आहे.

बरं, मग सगळ्यांना बसू द्यावं का? अजिबात नाही. कारण ही चौपाटी नाही, हे आपण आधी मान्य करायला हवं. ही आपली पाण्याची टाकी आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून साधारण 29 टीएमसी पाणी साठतं. खडकवासल्याचा स्वतःचा वाटा जेमतेम 2 टीएमसी, पण साखळीतलं हे शेवटचं धरण, वरच्या तिन्हींचं पाणी इथूनच पुढे येतं. इथून बंद नळाने ते पर्वतीच्या जलकेंद्राला जातं आणि तिथून आपल्या माठात. काठावर पडलेली कणसाची सालं, तेलकट कागद आणि प्लास्टिकचे ग्लास पावसाच्या एका सरीत कुठे जातात, हे सांगायला हायड्रॉलिक्सचा तज्ज्ञ नको. आणि ते टाकणारे बहुतेक आपणच असतो, गाडीची काच खाली करून. मावशी फक्त विकतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की हाकलू नका, मोजा. किती टपऱ्या या जागेला झेपतील, पाण्यापासून किती लांब, ते एकदा ठरवा. तेवढ्यांना जागा द्या, नंबर द्या, दराचा फलक लावायला लावा, कचऱ्याचा डबा आणि स्वच्छतागृह द्या, आणि त्या जागेबाहेर कुणालाही बसू देऊ नका. यासाठी नवा कायदाही नको. 2014 चा पथविक्रेता कायदा हेच सांगतो: आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, आणि ते होईपर्यंत आहे त्याला उठवायचं नाही. कुणी कुठे बसायचं याचा विचार करणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असले पाहिजेत. खडकवासला गाव 2021 मध्ये 23 गावांबरोबर पुणे महापालिकेत आलं. तेव्हा ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तरही आता गावापुरतं चालणार नाही. धरणाचा काठ जलसंपदा खात्याचा म्हणाल, तर दोघांनी एका टेबलावर बसावं. त्यांची ऑफिसं एकाच शहरात आहेत.

यावर एक आक्षेप येतो, की जागा दिली की दुप्पट लोक येतात. येतील. पण दर शनिवारी गाडी फिरवून ते कमी झाले आहेत का? उचललेली हातगाडी दंड भरून सोडवली, की तो दंड वसूल करायला पुढच्या रविवारी आणखी जोरात हाका. कारवाईतून शांतता येत नाही, गोंगाटच वाढतो. शिवाय ज्याला नंबर मिळाला आहे तोच बिननंबरच्याला बसू देत नाही. हे काम तो कुठल्याही पथकापेक्षा चोख करतो!

हे सगळं फार आदर्शवादी वाटत असेल तर त्याच धरणाचा इतिहास आठवा. 1879 च्या या धरणात जास्त पाणी साठवायचं होतं. विश्वेश्वरय्यांनी भिंत उंच केली नाही, त्यांनी आपोआप उघडमीट होणारे दरवाजे बनवले आणि 1903 मध्ये ते इथे बसवले. पातळी वाढली की दरवाजे आपोआप उघडायचे, जादा पाणी निघून गेलं की बंद व्हायचे. गर्दी पाण्याची असो की माणसांची, नियम आधी ठरवला की दर वेळी आरडाओरडा करावा लागत नाही.

तोवर आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. खायचं असेल तर गाडीतून उतरून, एका ठिकाणी उभं राहून खा आणि कागद घरी आणा. नसेल खायचं तर एकदाच, नजरेला नजर देऊन "नको मावशी" म्हणा. काच वर करू नका. पुढचे बाकी सगळे लांबूनच ओळखतात, हा स्वानुभव.