तपासणीची पट्टी आमच्या हाती द्या



रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळ थळला युरियाचा कारखाना आहे. गोणीत नत्र ४६ टक्के आहे की नाही, हे तपासायला कारखान्याकडे प्रयोगशाळा आहे. तीच गोणी आपल्या बांधावर आली की आपल्याकडे काय आहे? औषधाच्या बाटलीत औषध आहे की रंगीत पाणी, हे ओळखायला आपल्याजवळ दोनच साधने: नाक आणि नशीब. नमुना निरीक्षक घेणार, प्रयोगशाळेत पाठवणार. अहवाल येईपर्यंत फवारणीचा हंगाम सरलेला असतो.

बांधावर तपासणी होतच नाही, असे कोणी आम्हाला सांगू नये. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातल्या दहा-वीस भागांएवढे सोन्याचे कण पाण्यात लाल दिसतात. ते एकमेकांना चिकटले की रंग निळा-जांभळा होतो. ठरावीक रसायन आले तरच कण चिकटतील अशी त्यांची रचना करता येते. मग रंग बदलला की उत्तर मिळाले. पाहायला डोळा पुरतो. दिवस राहिले की नाही हे सांगणाऱ्या पट्टीवरची लाल रेघही बहुधा अशाच सोन्याच्या कणांची असते. शहरात ती औषधाच्या दुकानात मिळते.

कापसाच्या पानात बीटीचे प्रथिन आहे की नाही, हे काही मिनिटांत सांगणारी पट्टी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने केलीच आहे. १० जून २०१९ रोजी अकोल्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी बंदी मोडून तणनाशक सोसणारी कपाशी उघडपणे पेरली, तेव्हा सरकारने नमुने नेले, पुढे गुन्हे नोंदवले. शेतकऱ्याला पकडायचे तर विज्ञान धावत येते. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले, तेव्हा हे विज्ञान कुठे होते?

गढूळ पाणी, मे महिन्यातले ऊन, विषाचे शेकडो प्रकार यांत पट्टी चुकू शकते, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच ती संशोधकाच्या कपाटात न ठेवता आमच्या शेतात आणून पारखा.

याच अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांची जमीन कसली नाही. माप ज्याच्या हाती, रास त्याची, हे त्यांना कळले होते. आज खोत गेले. माप अजून दुसऱ्याच्याच हाती आहे.

म्हणून या बैठकीत आमच्या मागण्या:

१. सरकारी पैशातून निघालेले तपासणीचे तंत्र कोणाही उत्पादकाला खुले करा.
२. बियाणे, खत, औषध विकणाऱ्याने गिऱ्हाइकासमोर तपासून द्यावे.
३. पंचांसमोर बांधावर झालेली तपासणी तक्रारीचा पहिला पुरावा माना.
४. फवारणीच्या हंगामात विषबाधेची रक्ततपासणी तालुक्याच्या दवाखान्यात ठेवा.

आम्हाला अनुदान नको, उपकार नको. पैसे मोजून घेतलेला माल मोजून पाहायचा हक्क हवा.