ऐकायला आलेला पाहुणा

परदेशी कार्यक्रम करून आलेला वादक परतल्यावर काय सांगतो, त्यावरून त्याची पारख करावी असं मला फार वर्षांपासून वाटत आलं आहे. विमानतळ, हॉटेल, जेवणाचे हाल, श्रोत्यांनी उभं राहून केलेला टाळ्यांचा कडकडाट, हे सगळेच सांगतात. ‘तिथे मी अमुक ऐकलं’ असं सांगणारे थोडे. त्या थोडक्यांत मी डेव्ह ब्रुबेक या अमेरिकन पियानोवादकाला फार वरची जागा देतो. १९५८ साली तो आपल्या चौघांच्या संचासह भारतात आला. सोबत सॅक्सोफोनवर पॉल डेस्मंड, बासवर यूजीन राइट आणि ड्रमवर जो मोरेलो.

हा दौरा सरकारी होता. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं जॅझवादकांना जगभर पाठवायला सुरुवात केली होती. १९५६ मध्ये डिझी गिलेस्पी गेला, त्यानंतर इतर. ब्रुबेकच्या वाट्याला पोलंड, तुर्कस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, सिलोन, इराण, इराक असा लांबलचक पल्ला आला. राइट कृष्णवर्णीय होता आणि अमेरिकेच्या दक्षिणेत, तो मंचावर बसणार असेल तर कार्यक्रमच नको म्हणणारी महाविद्यालयं होती. ब्रुबेकनं अशा ठिकाणी वाजवायला साफ नकार दिला. १९६० मध्ये त्यापायी दक्षिणेतल्या महाविद्यालयांचा जवळजवळ अख्खा दौरा त्यानं सोडून दिला. मी स्वतः साथीदार आहे, त्यामुळे ही गोष्ट मला विसरता येत नाही. जो आपल्या साथीदाराची जागा सोडत नाही, तो परमुलखातल्या साथीदारांकडेही नीट कान देऊन बसणार, असं मला मनापासून वाटतं.

भारतात पोहोचण्याआधीच त्याचे कान तापलेले होते. इस्तंबूलच्या रस्त्यावर काही वादक नऊच्या लयीत वाजवत होते, पण तीन-तीनचे तीन गट करून नव्हे. दोन, दोन, दोन आणि तीन. ब्रुबेकनं पुढे तिथल्या वादकांना हे काय म्हणून विचारलं, तेव्हा त्याला कळलं की अमेरिकन माणसाला जसा ब्लूज, तशी त्यांना ही लय अंगवळणी पडलेली आहे. त्यातून ‘ब्लू रोंडो अ ला टर्क’ ही रचना झाली. माझ्याकडे रिदम हाउस या दुकानातून घेतलेली तिची कॅसेट होती. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा हात आपोआप मांडीवर गेला: तक तक तक तकिट. तीन आवर्तनं अशी जातात आणि चौथ्याला सगळं बदलतं, तकिट तकिट तकिट. मात्रा नऊच, पण वजन हललं. बेसावध माणसाची टाळी इथे हमखास चुकते. आपल्याकडचा कुठलाही तबलजी ते चौथं आवर्तन ऐकून मान डोलावेल, कारण मात्रा तेवढ्याच ठेवून आतली विभागणी फिरवण्यात केवढी गंमत आहे हे त्याला लहानपणापासून माहीत असतं.

अमेरिकन जॅझ त्या काळी बहुतेक चारच्या चालीनं चालत होता, फार तर कधी तीनच्या. मग ब्रुबेकचेच कान असे कसे? त्याचं बालपण कॅलिफोर्नियात गुरांच्या रानात गेलं. वडील पशुपालक. पोरगा घोड्यावर बसून लांब लांब जायचा आणि टापांच्या लयीवर मनात दुसरी लय घालायचा. पाण्याच्या पंपाचं इंजिन धडधडत असे, त्याच्या तालावरही तेच. हे त्यानंच पुढे सांगितलेलं आहे. पुढे दारियुस मियो या फ्रेंच रचनाकाराकडे तो शिकला खरा, पण एका लयीवर दुसरी लय चढवण्याची ओढ त्याच्या अंगात त्याआधीच भिनली होती.

अशा माणसाला मद्रासमध्ये मृदंगम् ऐकायला मिळावं आणि मुंबईत उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर वाजवायला मिळावं, हा मोठाच योग. खाँसाहेब मुंबईचेच म्हणायचे. जन्म मध्य भारतातल्या जावऱ्याचा, पण वाढ आणि कारकीर्द इथली. ‘कोहिनूर’ किंवा ‘गूँज उठी शहनाई’मधली सतार ज्यांच्या कानात आहे त्यांना खाँसाहेबांचा हात वेगळा सांगावा लागत नाही. स्वराचा एवढासा तुकडा घेऊन तो चपळाईनं उलटासुलटा करणारा त्यांचा तो खास बाज, जाफरखानी बाज. त्यांच्याबरोबर वाजवल्यानंतर आपलं वाजवणं बदललं, असं ब्रुबेकनं मोकळेपणानं सांगितलं.

जॅझ मुंबईला नवा नव्हता. दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला आणि रात्री हॉटेलांत वाजवणारी गोव्याच्या वादकांची अख्खी पिढी इथे नांदत होती. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट त्यांतलेच. व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणणारा आपला ऑर्केस्ट्रा त्याच १९५८ मध्ये उभा केला. म्हणजे दोन संगीतं एकत्र कशी नांदवायची या ज्या प्रश्नापाशी ब्रुबेक येऊन थांबला होता, तो प्रश्न या शहरातली माणसं रोज पोटापाण्याच्या कामात सोडवत होती. त्यांची नावं सिनेमाच्या श्रेयनामावलीतही फारशी आली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

मायदेशी परतल्यावर त्याच वर्षी ब्रुबेकनं ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ ही तबकडी केली. तीत ‘कलकत्ता ब्लूज’ आहे. मोरेलो त्यात काठ्या बाजूला ठेवून हातांनी ड्रम वाजवतो. ड्रमचं कातडं पातळ, ताणलेलं. त्यावर ना तबल्याची शाई, ना बायाची घुमक. तरी बोटांचा स्पर्श कळतो, आणि काठीच्या टोल्यापेक्षा तो फार जवळचा वाटतो. पियानोही स्वरसंगतींची नेहमीची धावपळ सोडून एका आधाराभोवती फिरत राहतो. तानपुऱ्याजवळ बसलेला माणूस जसा हळूहळू घाई विसरतो, तसं काहीसं त्या वादनाचं होतं.

माझ्या एका ज्येष्ठ सतारिया मित्रांनी हे ऐकून विचारलं, “यात राग कुठं आहे?” राग नाहीच. मला तर त्यातच ब्रुबेकचा प्रामाणिकपणा दिसतो. राग काही आठवड्यांत येत नाही, हे त्याला कळलं होतं. त्यामुळे त्यानं सतार आणून मधे ठेवली नाही, आलापीचा आव आणला नाही. पहिल्या ऐकण्यात जेवढं खरोखर हाती लागतं तेवढंच त्यानं घेतलं: आधारस्वराशी टिकून राहण्याचा धीर, बोटांनी वाजणारी लय, आणि चारच्या पलीकडे मोजण्याची हिंमत. तेही आपल्याच वाद्यांवर, आपल्याच ब्लूजमध्ये. पुढच्या दशकात पश्चिमेकडच्या कितीतरी गाण्यांत सतार नुसती अत्तरासारखी शिंपडलेली ऐकू येते, आणि ती ऐकताना ‘कलकत्ता ब्लूज’ची किंमत माझ्या लेखी आणखी वाढते.

१९५९ मध्ये ब्रुबेकची ‘टाइम आउट’ ही तबकडी आली. ‘ब्लू रोंडो’ तीतलीच, आणि डेस्मंडनं रचलेली पाच मात्रांची ‘टेक फाइव्ह’ही. अशा विषम मात्रांवर लोक नाचणार कसे, अशी शंका खुद्द रेकॉर्ड कंपनीतल्या लोकांनाच होती. तबकडी लाखांनी खपली. नऊ मात्रांचं श्रेय तुर्कस्तानचं, यात वाद नाही. पण सात, दहा, चौदा मात्रा सहज हातावर मोजणारे श्रोते त्यानं आपल्याकडे समोर बसलेले पाहिले होते, आणि त्या दर्शनानंही त्याला बळ दिलं असावं, असं माझं मत आहे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना रूपक आणि झपताल पक्का झाला की मी ‘ब्लू रोंडो’ ऐकवतो आणि टाळी द्यायला लावतो. पहिली तीन आवर्तनं सगळे धरतात. चौथ्याला निम्मी मुलं गळतात, आणि मग “सर, परत लावा ना” म्हणतात.